रानचिमणीने घडवलेला पक्षितज्ज्ञ

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला डॉ. सालिम अली यांनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे नाशिककर अभिमानाने सांगतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरील या जलाशयावर हिवाळ्यात गर्दी लोटते ती पाणपक्षी पाहायला. सालिम अलींच्या आयुष्याला वळण देणारा पक्षी मात्र पाण्यावरचा नव्हता. तो होता झाडीतला, साधासुधा : पीतकंठी रानचिमणी.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम दहा भावंडांत धाकटे. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्यांचा आवडता खेळ. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असा पक्षी खाणे धर्माला चालेल का, ही शंका घेऊन ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे धाडले. त्यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखवले.

ही चिमणी घरचिमणीची नातलग, पण वस्तीपेक्षा विरळ झाडीत रमणारी. राखी-तपकिरी अंग, नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा. दाणे, किडे, फुलांतला मध, तिला सारेच चालते. उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत गवत-पिसांचे अस्तर घालून ती तीन-चार अंडी देते. आपल्याकडे ती बारमाही दिसते. इराक-इराणकडे वीण करणाऱ्या तिच्या बहिणी मात्र हिवाळ्यात भारताची वाट धरतात.

पक्ष्यांचे वेड लागले तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. ब्रह्मदेशातील व्यवसाय बुडाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याचे काम मिळाले. पुढे बर्लिनला श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर ती जागाच रद्द झालेली! दुसरा कोणी खचला असता. सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहायला गेले आणि दारापुढच्या सुगरणींची घरटी न्याहाळत बसले. एकच नर अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी तेथे नोंदवले. या बेकारीतूनच त्यांचे नाव झाले.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे गाजलेले पुस्तक १९४१ मध्ये निघाले. रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी बालपणी पाडलेल्या त्या चिमणीचेच नाव दिले होते : द फॉल ऑफ अ स्पॅरो.