अनुदान थांबलं, रयत थांबली नाही : कर्मवीर भाऊराव पाटील यांची गोष्ट

२२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. पांढरी दाढी, अंगावर खादी आणि करारी नजर असा त्यांचा फोटो राज्यातल्या कितीतरी शाळांत लावलेला असतो. त्या दिवशी फोटोला हार घातला जातो, मुलं भाषणं करतात. 'कमवा आणि शिका' एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण गावातल्या आईबापांना त्यांनी शाळेत कसं ओढून घेतलं आणि सरकारने पैसे बंद केले तेव्हा काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांच्या कामाचा भाग नेमका तोच आहे.

भाऊरावांचा जन्म १८८७ सालचा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून. भाऊराव कोल्हापूरला शिकायला गेले आणि जैन बोर्डिंगात राहिले. तिथे असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. शिक्षण मात्र इंग्रजी सहावीपर्यंतच झालं, मॅट्रिक काही झाले नाहीत. आपण कमी शिकलेले, मास्तरांपुढे काय बोलणार, असं म्हणून शाळेच्या मीटिंगला न जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पोटासाठी भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकले. त्यासाठी गावोगाव फिरणं आलं, शेतकऱ्याच्या ओटीवर बसणं आलं. जमीन कसणाऱ्याच्या घरात वाचणारं कोणी नाही, कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही, आणि म्हणून सावकार फसवतो, हे त्यांनी जवळून पाहिलं. सांगली भागातल्या दूधगावात १९१० च्या सुमारास सोबत्यांना घेऊन त्यांनी मुलांसाठी बोर्डिंग सुरू केलं. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नावात राजा नाही की देणगीदार नाही. रयत, म्हणजे कष्ट करणारी साधी माणसं.

मूठभर धान्याचा हक्क

बोर्डिंगातल्या मुलांना जेवायला घालायचं कसं? भाऊरावांनी मुष्टीफंड काढला. घरातल्या बाईने दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि साठलेलं धान्य बोर्डिंगला द्यायचं. रोख पैसा मागितला असता तर किती घरांनी दिला असता? मूठभर जोंधळा मात्र गरिबाच्या घरातूनही निघतो. आणि ज्या घरची मूठ तिथे गेली, त्या घराला तिथे काय चाललंय हे विचारायचा हक्कही आला.

१९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं स्वतः करायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. चारचौघांत याचं कौतुक झालं, पण मागे घरातली ओढाताण होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या १९३० मध्ये वारल्या. संस्था मोठी झालेली पाहायला त्या उरल्या नाहीत.

सरकारी पैसा आला

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. खेर मूळचे आपल्या कोकणचेच, जन्म रत्नागिरीचा. जिथे शाळा नाही तिथे संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना मदत द्यावी, अशी व्हॉलंटरी शाळांची योजना त्या काळात आली. भाऊरावांनी ती उचलली आणि पुढच्या काही वर्षांत संस्थेच्या अशा पाचशेच्या वर शाळा झाल्या. कुठे देऊळ, कुठे धर्मशाळा, कुठे कोणाची पडवी. जागा गावाची, मुलं गावाची, शिक्षक संस्थेचा आणि मदत सरकारची, असा तो व्यवहार होता. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज.

मग १९४८ साल उजाडलं. गांधीजींच्या हत्येनंतरच्या धामधुमीत भाऊराव सरकारविरुद्ध बोलले आणि मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचं शिक्षण टांगणीला लागलं. सगळा भार सरकारी पैशावर असता तर तिथेच कुलूप लागलं असतं. पण भाऊराव पुन्हा रयतेकडे गेले. लोकांनी जमेल तसं दिलं आणि संस्था तगली. गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान परत सुरू झालं.

भाऊरावांनी सरकारी पैसा नको असं कधी म्हटलं नाही. तो लोकांच्याच करातून येतो, म्हणून हक्काने घ्यायचा. पण पैसा घेतला म्हणून गावाने शाळेवरचा हात काढायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं. पुढे त्या व्हॉलंटरी शाळा सरकारी यंत्रणेकडे गेल्या. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

आज आपल्या वाडीत

जे भाऊरावांनी मुठीमुठीने उभं केलं, ते आज कायद्यात लिहिलेलं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. शाळेचं काम कसं चाललंय ते पाहणं, शाळा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कुठे खर्च झालं त्यावर लक्ष ठेवणं ही समितीची कामं आहेत. खाजगी अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला ही मर्यादा नाही.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं. आपल्याकडे वाडीतल्या शाळेत पोरं मोजकी, म्हणजे रक्कमही थोडी. थोड्या पैशात गळकं छप्पर आधी की मुलींचं स्वच्छतागृह आधी, हे समितीतल्या पालकांनी बसून ठरवायचं असतं. पण पुष्कळ ठिकाणी वही घरी येते, सही होते आणि वही परत जाते. लावणी, झोडणी, मासळी यातून वेळ मिळत नाही हे खरं. मुंबईकर चाकरमानी गावच्या शाळेला हौसेने पैसे पाठवतात, पण रोजची विचारपूस गावात राहणाऱ्यालाच करावी लागते.

या जयंतीला फोटोला हार घालून झाला की पालकांनी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात. समितीत आपल्या वाडीतून कोण आहे, पुढची सभा कधी आहे आणि यंदाचा आराखडा व खर्चाची वही कधी पाहायला मिळेल. भांडायची गरज नाही. सही करायच्या आधी वही वाचली तरी सुरुवात झाली.