डेझी निरखणारा मुलगा

वाघाला पट्टे आणि बिबट्याला ठिपके का, असं मुलांनी विचारलं की आपण ‘देवाची करणी अन् नारळात पाणी’ म्हणतो आणि पोळ्या लाटायला लागतो. एक माणूस मात्र या प्रश्नाला चक्क गणित घेऊन भिडला. ॲलन ट्युरिंग त्याचं नाव. संगणकाच्या जनकांपैकी एक म्हणून ते तुम्ही ऐकलंही असेल. मला मात्र तो जवळचा वाटतो तो या ठिपक्यांमुळे आणि त्याच्या आईमुळे.

ॲलनचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आई सारा यांचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता. ॲलनचा जन्म २३ जून १९१२चा, लंडनमधला. पण नोकरी हिंदुस्थानात, म्हणून ॲलन आणि त्याच्या मोठ्या भावाला इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलेलं. तान्ह्या लेकराला असं सोडून बोटीत बसताना त्या माउलीला काय वाटलं असेल! पण लेकाला तिनं ओळखलं होतं बरं का. १९२३ साली तिनं एक चित्र काढलं. शाळेच्या मैदानावर पोरं हॉकी खेळताहेत आणि ॲलन एकटाच वाकून डेझीची फुलं बघतोय!

हाच मुलगा केंब्रिजला शिकला. सूचना दिल्या की कुठलंही गणित करील अशा यंत्राची कल्पना त्यानं १९३६मध्ये मांडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडायला मोठा हातभार लावला. तिथेच जोन क्लार्क या हुशार गणितज्ञ मुलीशी त्याची जवळीक वाढली. १९४१मध्ये लग्न ठरलं. आपल्याला पुरुषांचं आकर्षण आहे हे त्यानं तिला सांगून टाकलं. ती डगमगली नाही, पण पुढे त्यानंच लग्न मोडलं. तिची फसवणूक नको म्हणून असेल, असं मला वाटतं.

युद्धानंतर मँचेस्टरला असताना तो पुन्हा निसर्गाकडे वळला. १९५२चा त्याचा निबंध सांगतो, की दोन रसायनं पुरेत. एक वाढवणारं, दुसरं आवरणारं. समजा, गल्लीत एक पोर दंगा करतं, त्याचं बघून शेजारचं करतं. पण ‘बाबा आले’ ही हाक दंग्यापेक्षा लवकर पुढे पोचते, आणि पलीकडची पोरं गप्प बसतात. म्हणून दंगा सगळीकडे न पसरता ठिकठिकाणी राहतो. तेच ठिपके! सूर्यफुलातल्या बियांची चक्रं कशी जमतात, हेही तो विद्यापीठातल्या नव्या संगणकावर शोधत होता.

पण त्याच १९५२ साली पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. तेव्हा तिथे तो गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचे उपचार घे, असं सांगितलं गेलं. त्यानं ते सोसले. ७ जून १९५४ला सायनाइडनं त्याचा मृत्यू झाला. वय अवघं एक्केचाळीस. आत्महत्या, असा निकाल लागला. आई मात्र अपघातच म्हणत राहिली, आणि १९५९मध्ये तिनं लेकाचं चरित्र लिहिलं. सूर्यफुलाचं काम अर्धवटच राहिलं.

१९९५मध्ये जपानी शास्त्रज्ञांना एका समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे ट्युरिंगच्या गणिताप्रमाणेच सरकताना दिसले. आज तशाच समीकरणांवर चालणारी चित्रं मुलं संगणकाच्या पडद्यावर खेळवतात. बोट टेकवलं की ठिपका उमटतो, फुगतो, दुभंगतो आणि पडदाभर नक्षी वाढत जाते, जशी काही जिवंतच.

ब्रिटिश सरकारनं २००९मध्ये माफी मागितली. २०१३मध्ये त्याची शिक्षा माफ झाली. २०२१मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर तो आला, सोबत सूर्यफुलाची खूणही. आपल्याकडे हा कायद्याचा काच सुटायला २०१८ उजाडलं. कायदा बदलला, घरातल्या नजरा बदलायच्या आहेत.

सारा १९७६मध्येच गेल्या. माफीचा तो कागद बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.