पाणी पाजणारा हबशी

सुटीत आपल्या शहरातली कुटुंबे कोकणात उतरली की मुरूडचा जंजिरा सहसा चुकवत नाहीत. राजपुरीहून शिडाची होडी निघते, तट जवळ येतो तरी दरवाजा दिसत नाही आणि होडी भिंतीला भिडायच्या बेतात असताना तो एकदम समोर उभा राहतो. आत कलालबांगडी तोफ पाहायची आणि चहूकडे खारा समुद्र असताना मधोमध गोड्या पाण्याचे तलाव कसे, याचे नवल करायचे. एवढ्यात कुणीतरी सांगतो की हा किल्ला मलिक अंबरने बांधला. मुले विचारतात, आपल्या गावाचा तोच का हा?

माणूस तोच, पण किल्ला त्याचा नव्हे. निजामशाहीने इथला दगडी कोट उभारला तो १५६७ च्या सुमारास, तेव्हा अंबरच्या हाती काहीच नव्हते. पुढे जंजिऱ्यावर सिद्दी अंबर नावाचा दुसराच एक अधिकारी आला आणि नामसाधर्म्याने घोटाळा वाढवला. नाते मात्र खरे आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आणि आपला मलिक अंबर, दोघेही आफ्रिकेतून आलेले हबशी, दोघेही निजामशाहीचे चाकर. एकाने समुद्राचा दरवाजा धरला, दुसऱ्याने आतला मुलूख.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. अरबस्तानातल्या बाजारातून बगदादला पोचला. तिथल्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही एके काळी गुलामच होता! १५७५ च्या आसपास तो वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पंचविशी ओलांडलेला हा तरुण आता स्वतंत्र होता, पण त्याला ना गाव होते, ना गोत.

विजापूरकडे चाकरी करून, पदरी थोडे स्वार जमवून तो परतला. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतले. निजामशाही संपली, असेच बहुतेकांनी धरले. अंबरने मात्र राजघराण्यातला एक वंशज शोधला, परांड्याला त्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभे केले. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० साली दौलताबादला आली. शेजारच्या खडकी गावी त्याने नवे शहर वसवले. तेच आपले शहर.

मोगलांशी तो समोरासमोर कमीच लढला. मराठा स्वारांच्या बळावर रसद तोडायची, शत्रूला दमवायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, अशी त्याची रीत. शहाजीराजांची उमेद याच छावणीत घडली. १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि मोगल-विजापूरच्या एकत्र फौजेला पाणी पाजले. जहांगीर बादशहा तर इतका चिडला होता की अंबरच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्रच दरबारात तयार झाले. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधी मिळाले नाही.

मला मात्र लढायांपेक्षा त्याचा हिशेब अधिक भावतो. (आयुष्य बँकेत गेल्यावर दुसरे काय होणार!) वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा बांधला. मक्तेदाराला फक्त यंदाची रक्कम दिसते, धारा बांधणाऱ्याला पुढल्या वर्षीचा शेतकरीही जगवावा लागतो.

तीच दृष्टी नहर-ए-अंबरीत दिसते. खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. १६१६ साली मोगलांनी हे शहर जाळले. दुसरा कुणी असता तर सरळ दौलताबादच्या तटाआड जाऊन बसला असता. अंबरने शहर पुन्हा उभे केले आणि उत्तरेच्या डोंगरातले झिरपे भूमिगत नळाने शहरात आणले. चढ-उतार साधण्यासाठी, हवा खेळती राहावी म्हणून वाटेत बंबे उभारले. ना मोट, ना रहाट. नुसत्या उताराच्या जोरावर पाणी हौदांत पडत राहिले. दगडाच्या तटापेक्षा पाण्यावर शहर टिकते, असा हा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. विसाव्या शतकातही या नहरीचे पाणी लोक वापरत होते. पुढे घरांचे पाये आणि रस्ते खणताना ती जागोजागी आपणच फोडली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याचे दिवस पाहिलेल्या आपल्या पिढीने याचा जरा विचार करावा.

१६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबर वारला. मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिले. सात वर्षांत दौलताबाद आणि त्याबरोबर निजामशाहीही बुडाल्यासारखीच झाली. १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले. २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर आहे. आणि योगायोग असा, की ज्या संभाजीराजांचे नाव आज शहराला आहे, त्यांनीच १६८२ साली खाडीत दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत सेतू बांधायला घेतला होता.

जंजिरा पाहून आलेल्या मुलांना एखाद्या रविवारी खुलताबादला न्या. औरंगजेबाची कबर उघड्या आभाळाखाली आहे. अंबरची, गावाच्या जरा बाहेर, ऐसपैस घुमटाखाली. तिच्याशेजारचा लहान घुमट त्याच्या बायकोचा, बीबी करीमाचा.