रेव्हरंड नारायण शेषाद्री

जालना जिल्ह्यातील जांब हे श्रीसमर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान होय. स्वामींचे मूळ नाव नारायण. वयाच्या बाराव्या वर्षी विवाहमंडपातून निघून त्यांनी ईश्वरप्राप्तीसाठी घर सोडले, अशी परंपरा आहे. याच जिल्ह्याच्या भूमीत आणखी एका नारायणाने आपले आयुष्य वेचले. त्याचे हे अल्प चरित्र.

नारायण शेषाद्री हे जातीने ब्राह्मण. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे बायबलचा अभ्यास करिता करिता त्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते स्वतः जाणते असल्यामुळे त्यांस कोणी अडवू शकले नाही. परंतु त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांचा असून तोही मिशनरींच्या घरी राहू लागला होता. पित्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी श्रीपतास पित्याच्या स्वाधीन करविले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. सनातनी मंडळींनी त्यांस कडवा विरोध केला. ज्या मुलासाठी एवढे वादळ उठले, त्याच्या मनाची व्यथा मात्र थोड्यांनीच जाणली असेल.

नारायणरावांच्या अंतःकरणास केवढा घाव बसला असेल! तरी कटुता न धरिता त्यांनी सेवेची वाट धरिली. १८५४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे, त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्यास येऊन, अस्पृश्य मानिलेल्या मातंग बांधवांत त्यांनी कार्य आरंभिले. जन्माने ब्राह्मण असलेला हा पुरुष त्यांच्यात मिसळून राहिला. निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. १८७३ साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेतही ते उपस्थित होते. १८९१ साली त्यांचे देहावसान झाले.

आता पालकांस एक विनंती. श्रीपताच्या पित्याची भीती खोटी नव्हती आणि नारायणरावांची श्रद्धाही खोटी नव्हती. ह्या दोहोंचा मेळ पुढे कायद्याने घातला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकास धर्मस्वातंत्र्य व आईबापांस शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क दिला. आपल्या संविधानाच्या २८ व्या कलमानुसार, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणासही संमतीवाचून धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही; विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची संमती लागते. १९८९ च्या बालहक्क करारनाम्याने मुलाच्याही विवेकस्वातंत्र्यास मान्यता दिली. आईबापांनी वाट दाखवावी, परंतु मुलाच्या वाढत्या समजुतीचा मान राखून.

आम्हां मिशन शाळेतील शिक्षकांस हे बंधन जाचक न वाटता भूषणच वाटावे. प्रभूने कोणास बळाने ओढिले नाही. त्याने हाक मारिली. जी श्रद्धा मोकळ्या मनाने स्वीकारिली, तीच आयुष्यभर टिकते, हेच नारायणरावांच्या चरित्राचे सार होय.