सह्या मागणारा डॉक्टर

थोरांची चरित्रे वाचावीत, असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. परंतु काही थोरांची नावे आपल्या क्रमिक पुस्तकांत येतच नाहीत. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हे त्यांपैकीच एक. ज्यांच्याविषयी चारचौघांत बोलणेही लाजिरवाणे मानले जाई, अशा समलिंगी माणसांसाठी या जर्मन डॉक्टराने जवळजवळ चाळीस वर्षे लोकमत जागवले. आज जगातील अनेक देशांत अशा माणसांना विवाहाचा हक्क मिळाला आहे. त्या वाटेवरचा पहिला खडतर टप्पा तुडवणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे.

१४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग गावी एका ज्यू डॉक्टराच्या घरी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी प्रथम माग्देबुर्गला आणि मग बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गला दवाखाना थाटला. त्यांच्या एका रुग्णाने, एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने, लग्नाच्या आदल्या दिवशी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपले मन स्त्रीकडे वळत नाही, हे आईवडिलांना सांगण्याचे बळ त्याला झाले नव्हते. ते त्याने डॉक्टरांना पत्रातून कळवले. हे पत्र हिर्शफेल्ड यांच्या काळजाला घरे पाडून गेले. १८९६ साली त्यांनी टोपणनावाने या विषयावर एक पुस्तिका लिहिली.

जर्मनीच्या दंडसंहितेत त्या वेळी कलम १७५ होते. पुरुषापुरुषांतील संबंधांना त्यान्वये तुरुंगवास होई. हे कलम रद्द व्हावे म्हणून १५ मे १८९७ रोजी हिर्शफेल्ड यांच्या राहत्या घरी चार माणसे जमली आणि त्यांनी एक समिती स्थापन केली. शास्त्राच्या मार्गाने न्यायाकडे जावयाचे, हे तिचे ध्येय. मार्ग अगदी साधा होता. संसदेला अर्ज लिहावयाचा आणि त्यावर नामवंतांच्या सह्या मिळवावयाच्या.

सही मागणे ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझे वडील अंगठा उठवतात. कोणताही कागद पुढे आला की यात काय लिहिले आहे, आपण कुठे अडकणार तर नाही ना, असे ते मला चार वेळा विचारतात. मग ज्या कागदाला नुसता हात लावला तरी लोक नावे ठेवतील, त्यावर आपले नाव घालणाऱ्यांचे धैर्य केवढे असेल! समाजवादी पुढारी आउगुस्ट बेबेल यांनी सही तर केलीच, पण जानेवारी १८९८ मध्ये संसदेत उभे राहून या अर्जाची बाजूही मांडली. अर्ज फेटाळला गेला. सह्या मात्र थांबल्या नाहीत. पुढे आल्बर्ट आइन्स्टाइन, टोमास मान, हेर्मान हेसे अशांची नावे त्यात आली आणि संख्या पाच हजारांवर गेली.

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत, हे आकड्यांनी दाखवावे म्हणून त्यांनी शार्लोटेनबुर्गच्या तांत्रिक महाविद्यालयातील तीन हजार विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका पाठवल्या. त्यावरून काही विद्यार्थ्यांनीच त्यांना कोर्टात खेचले, आणि १९०४ साली त्यांना दोनशे मार्क दंड झाला. हे वाचताना मला आमच्या वसतिगृहातला एक मुलगा आठवला. चालण्याबोलण्यावरून त्याला सगळे चिडवत. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला, तो परत आलाच नाही. ज्यांची कुठे गणतीच होत नाही, त्यांचे दुःखही कुणाच्या हिशेबात येत नाही.

हिर्शफेल्ड यांचे चरित्र निष्कलंक यशाचे नाही. १९०७ साली बर्लिनमधील एका गाजलेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि फिर्यादी सेनाधिकारी कूनो फोन मोल्टके हे समलिंगी वृत्तीचे आहेत, असे भर कोर्टात सांगितले. पुढे ही साक्ष त्यांना फिरवावी लागली. एखाद्याचे गुपित असे चव्हाट्यावर मांडणे मला पटत नाही. त्या प्रकरणानंतर अनेकांनी त्यांची साथ सोडली, आणि चळवळ कित्येक वर्षे मागे पडली.

तरी ते खचले नाहीत. १९१९ साली या विषयावरील एका चित्रपटात त्यांनी स्वतः डॉक्टरची भूमिका केली, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. १९२० साली म्युनिकमध्ये त्यांना इतकी मारहाण झाली, की वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूची बातमी छापून टाकली! अखेर १९२९ साली संसदेच्या समितीने कलम गाळण्याच्या बाजूने १५ विरुद्ध १३ मते दिली. यश हाताशी आले, पण कायदा काही झाला नाही. लवकरच देशाचे वारे फिरले.

१९३० च्या अखेरीस हिर्शफेल्ड जगप्रवासाला निघाले. १९३१ मध्ये ते भारतातही येऊन गेले. त्याच सुमारास मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून अशाच विषयांवर निर्भीडपणे लिहीत होते. १९३४ साली त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला कर्वे हरले. शहाणपणाला शिक्षा देण्यात देशोदेशीची कोर्टे त्या काळी सारखीच होती.

हिर्शफेल्ड पुन्हा जर्मनीत परतू शकले नाहीत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी त्यांची संस्था लुटली आणि १० मे रोजी बर्लिनच्या चौकात तेथील हजारो पुस्तके जाळली. आपल्या आयुष्याच्या कमाईची ती होळी त्यांनी पॅरिसच्या चित्रपटगृहात बातमीपटात पाहिली. १४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांनी देह ठेवला.

कलम १७५ जर्मनीतून पूर्णपणे गेले ते १९९४ साली. ३० जून २०१७ रोजी तेथील संसदेने ३९३ विरुद्ध २२६ मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. म्हणजे त्या चौघांच्या बैठकीनंतर तब्बल १२० वर्षांनी! आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न कायदेमंडळाचा आहे, असे सांगितले. कायदेमंडळाचा म्हणजे शेवटी लोकांचा, तुमचा-आमचा.

मित्रहो, या चरित्रात विद्यार्थी दोनदा येतात. एकदा फिर्याद घेऊन आणि एकदा पेटते पलिते घेऊन. पुस्तके जाळणारेही आपल्यासारखे शिकणारेच होते, याची मला भीती वाटते. उद्या असा एखादा अर्ज आपल्यापुढे आला, तर तो निदान शेवटपर्यंत वाचावा. वडिलांना मी प्रत्येक कागद वाचून दाखवतो, तसा हा कागदही मी घरी वाचून दाखवणार आहे.