व्यापाऱ्याचे क्विनीन आणि हृदयाची लय

१९१२ मध्ये डॉ. कारेल वेंकेबाख यांच्याकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी कशीही, कुठेही पडत होती. निदान झाले एट्रियल फिब्रिलेशनचे. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश वेळीअवेळी पोहोचतात आणि नाडीचा ताल हरवतो. ही लय पूर्ववत करणारे औषध आपल्याजवळ नाही, हे वेंकेबाख यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. त्यावर व्यापाऱ्याने, आपल्याला ते जमते, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला तेव्हा नाडी अगदी नियमित होती. त्याने १ ग्रॅम क्विनीन घेतले होते. हिवतापाच्या मुलखात राहिल्याने क्विनीन त्याच्या सवयीचे होते, आणि त्याने धडधड थांबते हे त्याने स्वतःच हेरले होते.

अशिक्षित अनुभव म्हणून हे झटकून टाकणे सोपे होते. वेंकेबाख यांचा स्वभाव तसा नव्हता. १८६४ मध्ये हेग शहरात जन्मलेले वेंकेबाख उट्रेख्त येथे वैद्यक शिकले. त्यांना रंगांधळेपणा होता, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालच्या रंगीत पेशींचे काम अवघड जाई. पुढे काही वर्षे त्यांनी हेर्लेन या गावात साधी प्रॅक्टिस केली. पण नाडीचे कुतूहल सुटले नाही. १८९९ मध्ये, ईसीजी अजून रुग्णांपर्यंत पोहोचलाही नव्हता तेव्हा, एका स्त्रीच्या नाडीचा आलेख मोजून त्यांनी तिच्या अनियमिततेतला नियम शोधला. वरून खाली जाणाऱ्या संदेशाला दर ठोक्यागणिक थोडा जास्त वेळ लागतो, शेवटी एक ठोका गळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. हा प्रकार आजही त्यांच्याच नावाने शिकवला जातो. ग्रोनिंगेन, स्ट्रासबुर्ग आणि १९१४ पासून व्हिएन्ना येथे ते प्राध्यापक होते.

व्यापाऱ्याचा उपाय त्यांनी इतर रुग्णांवर करून पाहिला. मोजक्याच जणांना, तेही विकार नुकताच सुरू झालेला असेल तर, गुण आला. तरीही १९१४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही गोष्ट श्रेय रुग्णाला देऊन नोंदवली. तो धागा पकडून वाल्टर फ्राय यांनी सिंकोनाच्या सालीतील इतर द्रव्ये तपासली. त्यांतले क्विनिडीन सर्वांत प्रभावी ठरले, हे त्यांनी १९१८ मध्ये जाहीर केले. लय सुधारण्यासाठीच्या आधुनिक औषधांची सुरुवात इथून झाली.

पण याच औषधाने एक पेचही मागे ठेवला. क्विनिडीन हृदयपेशींवरील सोडियम व पोटॅशियमच्या वाहिन्या अडवते. त्यामुळे संदेश मंदावतो, पेशीची विश्रांती लांबते आणि थरथर थांबू शकते. मात्र याच वाहिन्या खालच्या कप्प्यांतही असतात. तिथे विश्रांती प्रमाणाबाहेर लांबली तर जीवघेणी लय सुरू होते. क्विनिडीन घेणारे काही रुग्ण अचानक बेशुद्ध पडत, ते यामुळेच. पुढे आलेल्या औषधांनीही हाच धडा दिला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर येणारे जादा ठोके दाबण्यासाठी दिलेल्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांमुळे ठोके कमी झाले, पण मृत्यू वाढले, असे १९८९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले. ईसीजी सुधारला म्हणजे रुग्ण वाचला असे नव्हे.

म्हणूनच आजचे संशोधन फक्त वरच्या कप्प्यांवर काम करणाऱ्या औषधाच्या शोधात आहे. काही पोटॅशियम वाहिन्या प्रामुख्याने वरच्या कप्प्यांतच काम करतात. त्या अडवल्या तर खालचे कप्पे बरेचसे सुरक्षित राहतील, ही आशा आहे. मुख्यतः वरच्या कप्प्यांवर परिणाम करणारे, शिरेतून द्यायचे व्हर्नाकॅलंट युरोपात २०१० मध्ये मंजूर झाले. कॅल्शियमने नियंत्रित होणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या अडवणाऱ्या औषधाच्या रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्याही झाल्या आहेत. नेहमीच्या वापरासाठी ते अजून लांब आहे.

व्यापाऱ्याची दुसरी कल्पना, म्हणजे झटका आला की घरीच औषध घेणे, हीही आता काही निवडक रुग्णांसाठी मान्य झाली आहे. पण आधी रुग्णालयात देखरेखीखाली ते औषध देऊन पाहिले जाते. हृदयाची रचना निरोगी असेल तरच ही मुभा मिळते. आपल्या मनाने क्विनीन घेणे मात्र धोक्याचेच. शिवाय या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. लय सुधारली तरी ज्यांना हा धोका आहे त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

वेंकेबाख १९४० मध्ये व्हिएन्नात वारले. सुरक्षित औषधाचा शोध अजून चालूच आहे. त्याची सुरुवात मात्र एका प्राध्यापकाने रुग्णाचे बोलणे मनावर घेतले, तेव्हा झाली.