दुसऱ्यांसाठी पदर पसरताना

दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या हजारो पोलिश बायका-मुलांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला होता. १९४३ ते १९४८ या काळातली ही गोष्ट. त्यांच्याबद्दल वाचता वाचता मी त्यांच्या देशातल्या एका मोठ्या माणसापाशी येऊन थांबले. इग्नात्सी पादेरेव्स्की, जगप्रसिद्ध पियानोवादक.

१८६० साली ते जन्मले तेव्हा पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला होता. आई लहानपणीच गेली. विशीत लग्न झालं, बाळ झालं आणि पाठोपाठ बायकोही गेली. मुलगा अपंग. व्हिएन्नाला जाऊन पियानो शिकायचा, पण हातात पैसा नाही. तेव्हा मोद्झेयेव्स्का ही गाजलेली नटी धावून आली. १८८४ मध्ये क्राकोवला त्यांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ती स्वतः उभी राहिली. तिच्या नावानं लोक आले आणि शिक्षणाची सोय झाली.

पुढे पॅरिस, लंडन, अमेरिका सगळं जिंकलं. पैसा आला, मान आला. आता आरामात बसायला काय हरकत होती? पण १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि परक्यांच्या फौजा पोलंडच्याच भूमीवर लढू लागल्या. गावं बेचिराख झाली, लोक उपाशी मरू लागले. पादेरेव्स्की १९१५ मध्ये पत्नी हेलेनासह अमेरिकेत गेले.

तिथं शिकागोसारख्या शहरांत कत्तलखान्यांत, कारखान्यांत राबणारे लाखो पोलिश लोक होते. त्यांच्यासमोर आणि बड्या अमेरिकनांसमोरही ते आधी पोलंडची व्यथा सांगत, मग पियानोवर शोपॅं वाजवत. अशी तीनशेहून जास्त भाषणं त्यांनी केली. आणि हेलेना? पॅरिसमधल्या निर्वासित पोलिश कलाकारांनी बनवलेल्या बाहुल्या घेऊन ती कार्यक्रमांत विकायला उभी राहायची. केवढ्या मोठ्या माणसाची बायको! पण तिला त्यात कमीपणा वाटला नाही. मला तर टाळ्यांइतकंच मोल त्या बाहुल्यांचं वाटतं.

आपल्याला स्वतःसाठी मागायची लाज वाटते, ते ठीक. पण शेजारच्या अडलेल्या बाईसाठी चार घरी जायचं म्हटलं तरी पाय अडखळतात, हो ना?

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. १९१९ मध्ये पादेरेव्स्की पंतप्रधान झाले. वर्ष संपायच्या आत ते पद सोडलं आणि १९२२ मध्ये पुन्हा पियानोसमोर बसले. १९३९ मध्ये देश पुन्हा गिळला गेला, तेव्हा ऐंशीच्या घरातला हा म्हातारा परत अमेरिकेत गेला, मदत मागायला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कलाच त्यांनी डोळे मिटले. स्वतंत्र पोलंडच्या मातीत त्यांना जागा मिळाली ती १९९२ साली, तब्बल एक्कावन्न वर्षांनी.